भारतातील ‘वने व लाकूडतोड’ क्षेत्रातला रोजगार: घट खरी किती आणि मोजणीतली किती?

प्रश्न: आकडेमोड

नमस्कार. अर्थशास्त्राच्या एका प्रकल्पासाठी मला भारतातील ‘वने व लाकूडतोड’ या क्षेत्रातील रोजगाराचा स्वातंत्र्यानंतरचा आलेख काढायचा आहे. काम सोपे वाटले होते, पण आकड्यांची सलग मालिका कोठेच हाती लागत नाही. 1961 च्या जनगणनेत खाणी, पशुपालन, वने, मासेमारी, शिकार, मळे आणि फळबागा हे सारे एकाच गटात आहेत. 1971 मध्ये खाणी वेगळ्या काढल्या, बाकीचा गट तसाच राहिला. 2001 पासून प्राथमिक तक्त्यांत शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर असे चारच वर्ग उरले असून जंगलात काम करणारा माणूस ‘इतर’ या वर्गात शिक्षक, ड्रायव्हर आणि दुकानदार यांच्या शेजारी जाऊन बसला आहे. श्रमशक्ती पाहणीच्या वार्षिक अहवालांत शेती, वने आणि मत्स्यव्यवसाय यांची एकत्रित टक्केवारी दिलेली असते. ती 2017-18 मध्ये 44.1 होती आणि 2023-24 मध्ये 46.1 झाली. ही वाढ शेतीकडे परतलेल्यांची आहे हे उघड आहे, त्यातून जंगलाविषयी काहीच कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘क्लेम्स’ या उद्योगनिहाय उत्पादकतेच्या मालिकेतही हे सारे एकाच उद्योगात धरलेले आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीकडची वडीलधारी माणसे मात्र ठामपणे सांगतात की पूर्वी हिवाळ्यात कूप (म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी ठरलेला जंगलाचा तुकडा) लागला की गावातली धडधाकट माणसे जंगलात असत आणि आता तसे काही राहिलेले नाही. माझा प्रश्न असा आहे की ही घट खरी आहे का, ती यंत्रांमुळे झाली की कायद्यांमुळे, आणि सध्याच्या आकड्यांवरून एकच रेषा काढणे योग्य ठरेल का?

उत्तर: नमुना पाहणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. एकच रेषा काढू नये.

2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात 02 हा विभाग वने व लाकूडतोडीचा आहे. त्याचे चार गट पडतात: वनसंवर्धन म्हणजे रोपवाटिका, लागवड, विरळणी वगैरे, प्रत्यक्ष लाकूडतोड, लाकडाव्यतिरिक्तच्या वनोपजाचे संकलन, आणि या कामांना पूरक सेवा. श्रमशक्ती पाहणीची कुटुंबनिहाय माहिती उतरवून घेतली तर हा विभाग वेगळा काढता येतो. मात्र 2024 पर्यंतच्या सुमारे एक लाख कुटुंबांच्या नमुन्यात या विभागात सापडणारी माणसे इतकी थोडी असतात की राष्ट्रीय पातळीवरचा अंदाजही एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे जाताना सहज हेलकावे खातो, आणि जिल्हा पातळीवर तर त्याला काही अर्थच राहत नाही.

याहून मोठी अडचण व्याख्येची आहे. पाहणीत माणसाचे ‘नेहमीचे काम’ मागील 365 दिवसांवरून ठरते. ज्या कामात त्याचा अधिक काळ गेला ते मुख्य काम आणि त्याखेरीज किमान 30 दिवस केलेले काम ते दुय्यम काम. आता तेंदूपानांचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. एका गावात पानतोड सलग दोन-तीन आठवडे चालते आणि संपते. त्या काळात घरातली सगळी माणसे पहाटेपासून राबतात, त्यातून हाती येणारी रोकड पुढच्या खरिपाचे बियाणे विकत घेते, आणि तरीही पाहणीच्या हिशेबात ते काम 30 दिवसांचे नसल्यामुळे दुय्यम कामही ठरत नाही. अशा माणसाची नोंद शेतमजूर म्हणून होते. चालू साप्ताहिक स्थितीत हे काम दिसू शकते, पण पाहणी करणारा नेमका त्या आठवड्यात त्या गावी पोहोचला तरच.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. घरच्या चुलीसाठी सरपण, भाजीसाठी कंदमुळे आणि जनावरांसाठी चारा गोळा करणारी बाई पाहणीत 93 या क्रमांकाच्या वर्गात जाते. या वर्गात घरकामासोबत अशा वस्तू विनामूल्य गोळा करणाऱ्यांची नोंद होते आणि तो श्रमशक्तीच्या बाहेर धरला जातो. तीच मोळी तिने बाजारात विकली तर ती कामकरी ठरते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र जळाऊ लाकडाचे मूल्य ‘वने व लाकूडतोड’ या शीर्षाखाली धरले जाते आणि या क्षेत्राच्या मूल्यवर्धनात त्याचा वाटा चांगलाच मोठा आहे. म्हणजे मूल्य मोजले जाते, पण ते निर्माण करणारे हात मोजले जात नाहीत. त्यामुळे मूल्यवर्धनाला रोजगाराने भागून ‘दरडोई उत्पादकता’ काढण्याचा मोह आवरावा. तो आकडा फसवा निघेल.

उत्तर: जुना रेंजर

मी वनविभागातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो. सेवेचा बराचसा काळ चंद्रपूर आणि गडचिरोलीत गेला. वरील उत्तरातले पाहणीचे मुद्दे बरोबर आहेत, पण ते वाचून घट केवळ कागदावरची आहे असा समज होऊ नये. लाकूडतोडीतला रोजगार खरोखरच घटला आहे आणि फार मोठ्या प्रमाणावर घटला आहे.

कूप म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या मंजूर आराखड्यात, जंगलाचे तुकडे पाडलेले असतात आणि दर वर्षी ठरलेल्या तुकड्यात तोड होते. आधी मार्किंग होत असे. तोडायच्या झाडाची साल बुंध्यापाशी तासून तिथे हातोड्याचा शिक्का मारायचा. झाड पडल्यावर तो खुंटावर शिल्लक राहिला पाहिजे, म्हणजे कोणते झाड कायदेशीर तोडले हे नंतर तपासता येते. मग कुऱ्हाड आणि करवत घेऊन मजूर येत. ते झाड पाडत, फांद्या छाटत, ओंडक्यांची लांबी-गोलाई मोजून त्यांवर क्रमांक घालत, उरलेल्याचे जळाऊ बीट (सरपणाचे मोजून लावलेले ढीग) रचत आणि बैलगाडीने माल डेपोपर्यंत ओढून नेत. एका कूपात दिवाळीनंतर सुरू झालेले काम उन्हाळ्यापर्यंत चाले. मजुरांची कुटुंबे तिथेच झोपड्या बांधून राहत. कमलापूरचा हत्ती कॅम्प आज लोक पर्यटनासाठी पाहतात. तिथे हत्ती आणले गेले ते ओंडके ओढण्यासाठी.

हा रोजगार कोणाच्या हातात असावा यावरून आपल्याकडे मोठा संघर्ष झालेला आहे. 1945-46 मध्ये ठाणे जिल्ह्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा झाला, त्यात वेठबिगारीइतकाच ठेकेदारांच्या कूपांतील मजुरीचा प्रश्न ऐरणीवर होता. त्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, 1947 पासून, मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि ठेकेदाराऐवजी सोसायटीला कूप देण्याची पद्धत सुरू झाली. साऱ्या सोसायट्या आदर्श होत्या असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी जुना ठेकेदारच पडद्याआडून कारभार पाहत असे. पण मजुराला ठरलेला दर आणि थोडाफार नफ्याचा वाटा मिळण्याची ती पहिली व्यवस्था होती, एवढे निश्चित.

आता घट कशी झाली ते पाहू. 1974 मध्ये आपले वनविकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र जंगल काढून त्या जागी साग लावायचा हा त्या काळचा विचार होता आणि राष्ट्रीय कृषी आयोगाने तो उचलून धरला होता. या पद्धतीत तोडीलाही माणसे लागत आणि लागवडीलाही, त्यामुळे पहिली काही वर्षे मजुरी वाढली. 1980 मध्ये वनसंवर्धन कायदा आला. 1988 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, नैसर्गिक वाढीची झाडे सरसकट काढून तिथे नवी लागवड करण्यासही केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वननीतीने जंगलाकडे महसुलाचे साधन म्हणून पाहणे सोडून पर्यावरणाचा समतोल आणि स्थानिकांच्या गरजा यांना अग्रक्रम दिला. महामंडळाचे मूळ गणितच त्यामुळे बदलले.

शेवटचा मोठा घाव 12 डिसेंबर 1996 रोजी बसला. गोदावर्मन तिरुमलपाड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेली कार्य आयोजना असल्याशिवाय कोठेही तोड करायची नाही असा आदेश दिला. ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यायचा, मग मालकी कोणाचीही असो, असेही ठरले. प्रकरण निलगिरीतल्या गुडलूरचे होते, पण त्याची झळ सर्वांत जास्त ईशान्येला बसली. तिथून बाहेर लाकूड नेण्यावर बंदी आली, अरुणाचलातल्या तिरप आणि चांगलांग या जिल्ह्यांतल्या आरागिरण्या आणि प्लायवूड कारखाने थांबवले गेले आणि त्यांच्यावर पोसलेला मजूरवर्ग अक्षरशः काही आठवड्यांत बेकार झाला. पुढे फेब्रुवारी 2000 मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून वाळलेली, रोगट वा वाऱ्याने पडलेली झाडे उचलण्यासही त्याच न्यायालयाने मनाई केली. मेळघाटासारख्या ठिकाणी कोरकू मजुरांची कूपातली कामे आधीच आटली होती. जी किरकोळ उरली होती तीही गेली.

जंगलाच्या दृष्टीने हे निर्णय आवश्यक होते असे माझे मत आहे आणि ते मी नोकरीत असतानाही मांडत असे. मात्र ज्या मजुराची कुऱ्हाड आपण खाली ठेवायला लावली, त्याच्या पर्यायी कामाचा विचार त्या निर्णयांबरोबर झाला नाही, हेही तितकेच खरे आहे.

यंत्रांविषयी एवढेच सांगतो की ट्रक आणि ट्रॅक्टर आल्यावर बैलगाडीवाले व हत्ती मागे पडले आणि अलीकडे महामंडळाच्या कामांत साखळी करवतही दिसते. तरी माझ्या पाहण्यात एकही कूप यंत्रामुळे बंद पडला नाही.

उत्तर: प्रिन्स जॉर्जहून

मी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाकूड उद्योगाशी संबंधित काम करतो. श्री. रेंजर यांनी शेवटी जे लिहिले आहे, त्याच्या अगदी उलट चित्र इथे आहे. इथेही लाकूडतोडीतली माणसे कित्येक दशके कमी होत गेली आहेत, पण तोड चालू असतानाच. गरम केबिनमध्ये बसलेला एक चालक हार्वेस्टरने झाड पकडतो, कापतो, फांद्या सोलतो आणि मोजून ओंडके पाडतो. पूर्वी याच कामासाठी एक टोळी लागत असे. त्यानंतर पाइन बीटल किडीने प्रांताच्या अंतर्भागातली प्रचंड जंगले मारली, वाळलेले लाकूड वाया जाण्याआधी काढून घेण्यासाठी काही वर्षे तोड वाढली आणि ते संपल्यावर गिरण्या बंद होऊ लागल्या. अमेरिकेबरोबरचा 2006 चा लाकूड करार 2015 मध्ये संपल्यावर आयातशुल्काचा वाद पुन्हा पेटला, त्याचीही भर पडली.

मोजणीच्या बाबतीत इथली सोय अशी की लाकूडतोड हा बहुतेकांचा पगारी व्यवसाय असल्याने मासिक श्रमशक्ती पाहणीत तो बऱ्यापैकी दिसतो. प्रश्नकर्त्यांनी भारत आणि कॅनडा यांची आकडेवारी एकाच आलेखात ठेवू नये, हे सांगण्यासाठी मुख्यतः लिहीत आहे. दोन्हीकडे रेषा खाली जाताना दिसेल आणि कारणे एकच असल्याचा भास होईल.

उत्तर: धानोरा

मी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांच्या हिशेबाचे काम पाहतो. चर्चा लाकडावरच थांबली आहे, म्हणून लिहितो. आज आमच्याकडे जंगलातली मजुरी म्हणजे प्रामुख्याने तेंदू आणि बांबू. कूप आठवणाऱ्यांच्या लेखी ‘जंगलाचे काम’ संपले असेल, पण उन्हाळ्यात एखाद्या फळीवर, म्हणजे तेंदूपाने मोजून घेण्याच्या केंद्रावर, येऊन पाहावे.

पानतोड पहाटे अंधारात सुरू होते, कारण ऊन चढल्यावर जंगलात थांबवत नाही आणि पानेही कोमेजतात. दुपारी घरी बसून पुडे बांधायचे. आमच्याकडे पुडा 70 पानांचा असतो आणि असे 1000 पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. म्हातारी माणसे आणि शाळेला सुट्टी लागलेली मुलेही पाने जुळवून देतात. संध्याकाळी फळीवर पुडे मोजून द्यायचे, तिथे ते उलटसुलट वाळत घालतात. फळीमुनशी वहीत नाव लिहितो ते कुटुंबप्रमुखाचे, म्हणजे बहुधा पुरुषाचे. सरकारी पाहणीत ही माणसे दिसत नाहीत हे वर आलेच आहे, पण आमच्या स्वतःच्या वहीतही चार जणांचे काम एका नावावर चढते.

बांबूचे तसे नाही, तिथे कामाचे दिवस जास्त असतात. पूर्वी बांबू कागद गिरण्यांना दीर्घ मुदतीने दिलेला असे आणि गावकरी तोडणारे मजूर असत. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदू या दोन्हींना गौण वनोपज म्हटले आणि त्यावर सामूहिक मालकी मान्य केली. आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये हा हक्क मिळाला, पण वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावरून बांबू गावातच अडकून पडला होता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे दिले, तेव्हा ती कोंडी फुटली. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला.

यामुळे रोजगाराचे स्वरूपच बदलले आहे आणि माझ्या मते प्रश्नकर्त्यांच्या आलेखात हा बदल कोठे तरी दिसायला हवा. पूर्वी मजुराला फक्त मजुरी मिळे आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) शासनाकडे जाई. आता ज्या ग्रामसभा स्वतः विक्री करतात, तिथे मजुरी आणि स्वामित्वधन दोन्ही गावाकडे येतात. मग हा त्या माणसाचा ‘रोजगार’ की ‘स्वयंरोजगार’? पाहणी करणाऱ्यापुढे तो मजूर म्हणून उभा राहील, पण तो ज्या मालाची तोड करतो त्याचा तो सहमालकही आहे.

उत्तर: लाकूडबाजार

नागपुरात आमचा लाकडाचा व्यवसाय आहे. सर्वांनी जंगलाबद्दल लिहिले, पण देशात विकले जाणारे लाकूड आता बहुतांशी जंगलातून येतच नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2011 च्या अहवालात सरकारी जंगलांतून निघणाऱ्या लाकडाचा अंदाज वर्षाला सुमारे 31.75 लाख घनमीटर दिला आहे आणि जंगलाबाहेरच्या झाडांपासून मिळू शकणाऱ्या लाकडाचा सुमारे 4 कोटी 28 लाख घनमीटर. म्हणजे तेरा पटींहून अधिक. पंजाब, हरियाणातला पॉपलर यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांत जातो, केरळातले रबराचे लाकूड पेरुंबावूरला, आणि आंध्र-तेलंगणातला सुबाभूळ व निलगिरी कागद गिरण्यांकडे.

मग ही झाडे तोडणारा माणूस कोण? बांधावरची झाडे व्यापारी उभी विकत घेतो आणि स्वतःची टोळी आणून तोडतो. त्या टोळीतला माणूस चार महिने झाडे तोडतो, दोन महिने ऊसतोडीला जातो आणि उरलेला काळ बांधकामावर असतो. त्याला विचारले तर तो ‘मजुरी’ एवढेच सांगतो. पाहणीत तो कोणत्या विभागात जाईल हे विचारणाऱ्याने पुढे किती खोदले यावर ठरते.

आयातीचाही विचार करावा. नव्वदच्या दशकात लाकडाची आयात खुली झाली. कांडला बंदरात न्यूझीलंडचा पाइन उतरतो आणि त्याच्या जोरावर गांधीधामच्या परिसरात आरागिरण्यांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर सागाच्या व्यापाऱ्यांनी दुसरे देश शोधले, पण देशी कूप काही पुन्हा उघडले नाहीत. मागणीही बदलली. रेल्वेचे स्लीपर काँक्रीटचे झाले, आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये इमारतींतला लाकडाचा वापर थांबवला तो 2020 पर्यंत बंद होता. बल्लारशाहच्या डेपोतला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला याचा आम्हा व्यापाऱ्यांना अभिमान आहे, पण अशा मालावर आता किती मजूर जगतात हा वेगळा हिशेब आहे. आरागिरणी आणि प्लायवूडमधला कामगार 02 मध्ये नव्हे, तर कारखानदारीच्या विभागात मोजला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

आकडेमोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच रेषा काढण्याचा बेत मी सोडला आहे. जनगणनेचे जुने गट केवळ पार्श्वभूमी म्हणून देईन आणि नमुना पाहण्यांतून लाकूडतोड व वनोपज संकलन हे दोन गट निदान अलीकडच्या वर्षांसाठी वेगळे दाखवीन. एक शंका उरते. वनविभागाच्या रोपवाटिकेत, जाळरेषेवर (वणवा अडवण्यासाठी साफ केलेल्या पट्ट्यावर) आणि लागवडीवर काम करणारे वनमजूर, तसेच रोजगार हमीतून वृक्षलागवड करणारे मजूर, हे कोठे धरावेत?

उत्तर: नमुना पाहणी

दोन वेगळे प्रकार आहेत. विभागाच्या नियमित वनमजुराची नोंद 02 मध्ये, वनसंवर्धनाच्या गटात व्हायला हवी. रोजगार हमीवरच्या मजुरासाठी पाहणीत कामाच्या स्थितीचा स्वतंत्र क्रमांक आहे, 42. इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरासाठी 41. या दोन क्रमांकांच्या माणसांचा उद्योग-विभाग वेगळा तपासा. वृक्षलागवड करणारे 02 मध्ये सापडले, तरी त्यांना लाकूडतोडीच्या मजुरांत मिसळू नका, कारण त्यांचे काम शासनाच्या निधीवर अवलंबून असते, लाकडाच्या मागणीवर नव्हे.

उत्तर: जुना रेंजर

वनमजुरांविषयी एक पुरवणी जोडतो. पुण्याच्या पाचगाव-पर्वती येथील वनीकरण योजनेवरच्या रोजंदारी मजुरांच्या प्रकरणात डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की हे काम शासनाचे सार्वभौम कार्य नसून ‘उद्योग’ आहे, आणि म्हणून कामगार कायद्याचे संरक्षण त्या मजुरांना मिळते. लगेच जानेवारी 1996 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये राज्य शासनाने अनेक रोजंदारी वनमजुरांना कायम करण्याचे निर्णय काढले. त्यामुळे महाराष्ट्रापुरते पाहिले तर 1996 हे वर्ष दोन उलट दिशांनी खेचते: कूपातली मजुरी त्या वर्षअखेरीस आणखी आक्रसली आणि विभागातले कायम मजूर वाढले. राज्याची आकडेवारी वापरणार असाल तर नैमित्तिक आणि नियमित मजुरीचे स्तंभ वेगळे ठेवा, नाही तर एका स्तंभातली घट दुसऱ्यातल्या वाढीखाली झाकली जाईल.